वाचकांचे प्रश्न : साथ ओसरली, आबा अजून घरातच

कोरोनाची साथ, घरातली वयस्कर माणसं आणि समाजासमाजांत दिसलेला फरक, याविषयी बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं दिलेली नाहीत.

शिवाजी पेठ, कोल्हापूर

*सासरे आता ७८ वर्षांचे आहेत. २०२० पर्यंत पहाटे रंकाळ्याला फेरी, तिथून तालमीच्या कट्ट्यावर तासभर, संध्याकाळी गंगावेशीत दूध, हा नेम होता. टाळेबंदीत सगळं बंद पडलं ते पडलंच. आता कुणी बोलवायला आलं तरी "तुम्ही जावा, मी बसतो" म्हणतात. जेवतात, झोपतात, टीव्ही बघतात. हे वय म्हणायचं की आजार?*

वय म्हणून सोडून देऊ नका. अशा वेळी पाय, कान आणि मन या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. घरचे मनापासून सुरुवात करतात आणि आबांना उपदेश ऐकावा लागतो. तुम्ही पायांपासून सुरुवात करा.

निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या अभ्यासात त्यांच्या पायांतलं जवळजवळ किलोभर मांस उतरलं होतं. आबा अंथरुणाला खिळलेले नाहीत हे खरं, पण काही वर्षं खुर्चीत बसून काढली की पाय असेच हळूहळू जातात. घरी मोजून बघा. हात नसलेली, साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आबांनी हात छातीवर दुमडून घ्यायचे आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तितक्या वेळा बसायचं. तुम्ही शेजारीच थांबा. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाची संख्या ११ पेक्षा कमी आली, तर पायांची ताकद घटली आहे आणि पडण्याचा धोका आहे. हातांचा आधार घेऊनच उठता आलं तर शून्य धरा. कमी आली तर हाच व्यायाम करायचा. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, आणि दोन-तीन दिवसांनी एकेक वाढवायचा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोलता येणार नाही इतका दम लागला, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

याला जेवणाची जोड हवी. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट डाळीत साधारण सात, एका अंड्यात सहा आणि मोठा पेलाभर दुधात सात-आठ ग्रॅम मिळतात. बऱ्याच घरांत म्हाताऱ्या माणसाचं रात्रीचं जेवण चहा-खारीवर किंवा आमटी-भातावर भागतं, तिथे हा हिशेब साफ चुकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

आता कान. मास्कमुळे ओठ दिसेनासे झाले आणि आपण इतके दिवस निम्मं ओठांवरून ओळखत होतो, हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. कट्ट्यावर सहा जण एकदम बोलतात. ऐकू आलं नाही की माणूस हसून मान हलवतो, आणि दोन-चारदा असं झालं की जायचंच बंद करतो. आबांच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून, एका कानाच्या तोंडाशी बोटाने हलकेच चोळत, तीन आकडे कुजबुजत्या आवाजात म्हणा. मग दुसरा कान. आकडे सांगता आले नाहीत तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. कधी नुसता मळ असतो. घरी तेल घालू नका, पिन फिरवू नका.

मनासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची चाचणी आहे. सगळ्यांसमोर नको, दुपारी निवांतपणे घ्या. गेल्या दोन आठवड्यांत (१) मी आनंदात होतो, (२) मन शांत होतं, (३) अंगात हुशारी होती, (४) सकाळी ताजंतवानं वाटत होतं, (५) दिवसभरात रस वाटेल असं काहीतरी होतं. प्रत्येक वाक्याला "कधीच नाही" म्हणाले तर ०, "सतत" म्हणाले तर ५. बेरजेला चाराने गुणा. समजा २, ३, १, २, १ आले, तर बेरीज ९ आणि गुण ३६. पन्नास किंवा त्याखाली आले तर डॉक्टरांशी बोलायला हवं, २८ किंवा त्याखाली आले तर नैराश्याची शक्यता बरीच धरून लवकर दाखवायला हवं. "आता जगून काय करायचं" असं बोलत असतील तर गुण मोजत बसू नका. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेची लाइन चोवीस तास मोफत आहे. डॉक्टर मिळेपर्यंत तिथे बोला आणि आबांना एकटं ठेवू नका.

बाहेर काढताना एकदम रंकाळ्याला नेऊ नका. पहिल्या आठवड्यात दारात खुर्ची टाका. दुसऱ्या आठवड्यात कट्ट्यावरच्या एकाच मित्राला घरी चहाला बोलवा. आणि त्यांना एक विचारा: कट्ट्यावर तेव्हा कोण कोण बसायचं? एकेक नाव घेऊ द्या. त्यांतले किती राहिलेत हे तुम्हाला ठाऊक नसतं, त्यांना पक्कं ठाऊक असतं. पुष्कळदा त्या रिकाम्या जागेशेजारी बसणंच नको असतं, आणि ते कुणी विचारलेलंच नसतं.

राजारामपुरी, कोल्हापूर

*मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. परदेशात साथीचा फटका वेगवेगळ्या वंशांच्या वृद्धांना वेगवेगळा बसला, असं वाचलं. आपल्याकडे जाती-धर्मांना हे लावता येईल का? विद्यार्थ्यांकडून पेठांमध्ये पाहणी करून घ्यायची आहे.*

लावता येईल, पण परदेशातला आकडा उचलून इथे चिकटवता येणार नाही. त्यामागची कारणं तेवढी घेता येतील.

इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेत कृष्णवर्णीय आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचा मृत्युदर, वयाचा फरक काढून टाकल्यावर, गोऱ्या ब्रिटिश पुरुषांच्या ३.७ पट होता. दुसऱ्या लाटेत सर्वांत जास्त फटका बांगलादेशी वंशाच्या पुरुषांना बसला, सुमारे पाच पट. म्हणजे काही महिन्यांत क्रम बदलला. माणसाचं रक्त काही महिन्यांत बदलत नाही. कोण कुठे कामाला जातं, घरात किती माणसं आहेत, कुठल्या शहरात त्या वेळी साथ भडकलेली आहे, हे बदलतं. तिथल्या बांगलादेशी कुटुंबांत तीन पिढ्या एका छताखाली राहणं सर्रास आहे. टॅक्सीवरून किंवा हॉटेलातून घरी आलेला मुलगा आणि त्याची आई यांच्यात फार तर एका भिंतीचं अंतर. इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यातून घरी येणाऱ्या माणसाचं घर डोळ्यांसमोर आणा, वेगळं काही सांगावं लागणार नाही.

मनाची गोष्ट मात्र उलटी दिसली, तिथे फटका म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना जास्त बसला. अमेरिकेत जून २०२० मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत चिंतेची लक्षणं १८ ते २४ वयाच्या जवळजवळ निम्म्या जणांत होती, ६५ वरच्यांत शंभरात दहांहूनही कमी. आयुष्यभर अडचणी काढलेलं माणूस लवकर डगमगत नाही, हे यातलं खरं. पण ती पाहणी इंटरनेटवरून झाली होती. ज्या म्हातारीकडे फोन नाही, अक्षरओळख नाही, ती त्या शंभरात आलीच नाही. "म्हातारे मनाने खंबीर राहिले" हे वाक्य तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांनी गूगल फॉर्म पाठवला, तर हीच चूक कोल्हापुरात होईल.

मोजायचं साधनही सगळ्यांना सारखं वागवत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरांत आला. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली गेलेला, असं कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. हे यंत्र कातडीतून प्रकाश पाठवून मोजतं आणि गडद कातडी तो प्रकाश शोषते. आपल्याकडे शेतात राबलेल्या, उन्हात काळवंडलेल्या बोटांना हे लागू होऊ शकतं. म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नाही. बोटावरची मेंदी किंवा नेलपॉलिश नको, गार हात चोळून गरम करायचे, मिनिटभर थांबून आकडा घ्यायचा. मग घरातच सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा मोजायचा. तीन किंवा अधिक अंकांनी उतरला, तर आधीचा आकडा चांगला असला तरी रुग्णालय गाठायचं. बसल्या जागीच धाप लागत असलेल्या माणसाला मात्र चालवून बघू नये, सरळ न्यावं.

आता पाहणी. आपल्याकडे कोरोना मृत्यूंचे आकडे जातवार किंवा धर्मवार जाहीर झाले नाहीत. त्यामुळे जातीचा रकाना भरून घेऊन थेट निष्कर्ष काढायला तुलनेसाठी पायाच नाही. रकाना ठेवा, पण त्याआधी एवढं विचारा: किती माणसं किती खोल्यांत राहत होती? संडास घरचा की सार्वजनिक? कमावत्या माणसाला घरी बसून काम करता येत होतं का? आजीचा स्वतःचा मोबाईल होता का, आणि तिला तो लावता येत होता का? आठवड्यात माणसं भेटायची तिची जागा कोणती: देऊळ, मठ, मशीद, जैन बस्ती, विहार, भाजी मंडई, नळ? त्यातली कोणती बंद झाली आणि परत कधी उघडली?

या प्रश्नांमागे खऱ्या घटना आहेत. साठीवरच्यांना लस १ मार्च २०२१ ला सुरू झाली, पण नोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर मराठी आली ती जूनमध्ये. केंद्रावर थेट जाऊन नोंद करायची सोय होती, पण ती कुणीतरी घरी येऊन सांगावी लागत होती. ज्या गल्लीत आशाताईंची ओळख, तिथली म्हातारी आधी केंद्रावर पोचली. आणि एप्रिल २०२० मध्ये मुस्लिम फेरीवाल्यांकडून भाजी-फळं घेऊ नका असे निरोप मोबाईलवर फिरले होते. त्या महिन्यात सत्तरीच्या फळवाल्या चाचांना जे वाटलं असेल, ते खोल्या मोजून कळणार नाही. थेट विचारा: साथीच्या काळात तुमच्याशी कुणी वेगळं वागलं का?

एक धोका सांगून ठेवतो. घर, काम, पैसा यांचा फरक वजा केल्यावर समाजासमाजांतला फरक उरला नाही, की विद्यार्थी लिहितात, "जातीचा संबंध नाही." पण एका खोलीत सात माणसं का राहतात, याचं उत्तर पुष्कळदा जातीतच असतं. १९०१ पासून शाहू महाराजांनी या गावात समाजासमाजाची वसतिगृहं उभी केली ती याच जाणिवेतून, की मुलगा राहतो कुठे यावर तो शिकतो किती हे ठरतं. म्हाताऱ्या माणसाचं आरोग्यही असंच ठरतं.

इचलकरंजी

*दुसऱ्या लाटेत अब्बांचं इंतकाल झालं. गुस्ल (दफनाआधीची आंघोळ) नाही, चेहरा दाखवला नाही, कब्रस्तानात दोन माणसं गेली. अम्मी तेव्हा स्वतः विलगीकरणात होती, तिची इद्दत (नवऱ्यामागे पाळायचा शोककाळ) तिथल्या खाटेवर सुरू झाली. आता ती ७० ची आहे. अजून म्हणते, "तो माणूस दुसराच असेल, पिशवी उघडून कुणी बघितलं?" आम्ही काय करावं?*

अम्मीचा प्रश्न वेडेपणाचा नाही. डोळ्यांनी पाहिलेलं नसताना मरण मनाला पटवून घेणं अवघड असतं, आणि ज्या रीतींनी ते पटतं त्याच तेव्हा बंद होत्या. अंत्यविधीला वीसच माणसांची मर्यादा होती, कोरोनाने गेलेल्यांच्या वेळी तर त्याहून कमी माणसं असायची. हिंदू घरांत दहावा-तेरावा उरकून घेतला गेला, लिंगायत घरांत दफनाला गणगोत जमू शकलं नाही. तुमच्याकडे गुस्ल राहून गेलं, आणि चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत बायका येऊन जवळ बसतात, तेही राहून गेलं. प्रत्येक समाजाचं जे हुकलं ते वेगळं, म्हणून एकच सांत्वन सगळ्यांना चालत नाही.

तिच्याशी वाद घालू नका. "अब्बाच होते, विसर आता" असं म्हटलं की ती बोलायचं थांबवेल, शंका तशीच राहील. त्याऐवजी कागद गोळा करा: दाखल केल्याची तारीख, मृत्यूचा दाखला, कब्रस्तानच्या वहीतली नोंद. तेव्हा जी दोन माणसं गेली त्यांना घरी बोलवा. काय काय झालं, कुणी खांदा दिला, माती कुणी दिली, दुआ कुणी म्हटली, हे तिला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. तिला विचारू द्या, तेच तेच दहा वेळा विचारलं तरी उत्तर द्या. मग झेपत असेल तर अब्बांच्या नावाने जे तुमच्या घरात चालतं ते करा: कुराणखानी, सदका, गरिबाला जेवण. राहिलेल्या नमाजाबद्दल आणि तिच्या कब्रस्तानात जाण्याबद्दल तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा. त्यावर मतं वेगवेगळी आहेत आणि ते सांगायचा अधिकार आमचा नाही.

शोक सहा महिन्यांनंतरही, आणि आपल्या समाजाच्या रीतीला धरून असतो त्याच्या पलीकडे, रोजचं जगणं अडवत राहिला, तर वैद्यकशास्त्र त्याला लांबलेला शोक हा आजार मानतं. अम्मी स्वयंपाक, नमाज, नातवंडं यांत आहे का? की तीही सुटली? सुटली असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर भागवू नका. या वयात त्यांनी तोल जाऊन पडायला होतं, आणि शोक आहे तिथेच राहतो. या आजारासाठी बोलण्याचे वेगळे उपचार आहेत. ती घरात जी भाषा बोलते त्याच भाषेत ते झाले तर उपयोग होतो.

गडहिंग्लज

*आजी ८२ वर्षांची, कन्नड बोलणारी, मराठी बाजारापुरती. कोरोनात रुग्णालयात असताना भ्रमिष्टासारखी वागली. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाचा आजार दिसतो. घरी आल्यावर पुष्कळ सुधारली. मग तो आजार होता की नाही?*

बहुधा ते तात्पुरतं भ्रमिष्टपण होतं, वैद्यकीय भाषेत डेलिरियम. विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांत सरकत येतो. भ्रम तासा-दिवसांत येतो आणि सकाळी बरा, रात्री वाईट, असा हलतो. ऐंशीच्या माणसाला संसर्ग झाला की पुष्कळदा तापच येत नाही. जेवण सुटतं, तोल जातो किंवा बरळणं सुरू होतं, हीच पहिली खूण असते. घरच्यांनी ती वयावर घातली की दोन दिवस फुकट जातात.

मास्क घातलेली अनोळखी माणसं, परकी भाषा, चष्मा घरी, कवळी पिशवीत, रात्रभर दिवे: भ्रम वाढायला एवढं पुरतं. पुढे कधी दाखल करावं लागलं तर चष्मा, कानातलं यंत्र, कवळी आणि मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर बरोबर द्या. खाटेला एक कागद लावा: "आजी कन्नड बोलतात", आणि त्याखाली पाणी, दुखतंय, लघवी, मुलगा येतोय, हे चार शब्द कन्नड उच्चार देवनागरीत लिहून. परिचारिकेला त्याचा फार उपयोग होतो. लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या यांनीही भ्रम होतो, ते आधी तपासायला सांगा.

स्मरणशक्तीची चाचणी आता पुन्हा करून घ्या, पण कन्नडमध्ये. नंतर शिकलेल्या भाषेत चाचणी घेतली तर शाबूत माणूसही नापास होतो. आणि एकदा भ्रम झालेल्या माणसाला पुढे विस्मरणाचा आजार जडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा तपासणी चुकवू नका.

शिरोळ तालुका

*२०१९ चा महापूर, मग कोरोना, त्यात पुन्हा जुलै २०२१ चा पूर. आई-वडील दोघं पंचाहत्तरीच्या पुढचे, वडिलांना इन्सुलिन. छावणीत जायला ते तयार होत नाहीत, गर्दीची भीती बसली आहे. तयारी काय ठेवावी?*

भीती काढायच्या मागे लागू नका, गर्दीला पर्याय शोधा. पावसाळ्याआधीच एखाद्या नातेवाइकाचं उंचावरचं घर ठरवून ठेवा आणि मे महिन्यात दोघांना तिथे दोन रात्री राहायला न्या. आधी राहून आलेल्या घरात म्हातारं माणूस कुरकुर न करता जातं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट आहे. तुमच्याकडे कृष्णेचंही पाणी असतं, त्यामुळे ३९ ची बातमी आली की त्याच दिवशी हलायचं. रस्ता बुडाल्यावर बोटीत चढणं गुडघेदुखीच्या माणसाला झेपत नाही.

पिशवीत दोघांची पंधरा दिवसांची औषधं, प्रत्येक गोळीच्या पाकिटावर "सकाळ" किंवा "रात्र" लिहून. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, आधार, बँक पासबुक आणि रेशनकार्डाच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये. फोन नंबर कागदावर, कारण मोबाईल बंद पडला की एकही पाठ नसतो. जास्तीचा चष्मा, चार मास्क, बॅटरी.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. उघडलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतं, नेमकी मुदत खोक्यावर बघा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. वीज गेली तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात छोटं मडकं बसवा, इन्सुलिन प्लॅस्टिकच्या डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं झाका. पावसाळी दमट हवेत ते फ्रिजइतकं गार होणार नाही, पण उघडलेल्या बाटलीला पुरतं. बर्फाला इन्सुलिन टेकवू नका. एकदा गोठलं की वितळल्यावरही फेकूनच द्यायचं. आणि ठरलेल्या घरी एक बाटली आधीच नेऊन ठेवलीत, तर रात्री दोन वाजता निघावं लागलं तरी वडिलांचं सकाळचं इंजेक्शन चुकणार नाही.